कानात सांगितलेला आकडा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, काहीतरी हलकंफुलकं द्या. प्रयोगशाळेतल्या गमतीजमती." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले, तर गमतीजमती काही केल्या आठवेनात. आठवला तो राग. तेव्हा आधीच सांगून टाकते, हे हलकं नाही आणि फुलकंही नाही. चकली खाता खाता गोड काही वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं, माझी हरकत नाही.

माझं काम काय होतं ते पहिलं सांगायला हवं. कामथडीत घर बांधून मला बरीच वर्षं झाली, पण अर्ध्या गावाला अजून वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. एकानं तर बिघडलेला प्रिंटर ओट्यावर आणून ठेवला होता. मी क्वांटम संगणक वापरून अणूच्या केंद्रकाचा अभ्यास करत होते. असं म्हटलं की लोक मान डोलावतात, कारण 'क्वांटम' हा शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. नसरापूरच्या रस्त्यावर क्वांटम क्लासेसचा फ्लेक्स आहे. बोअर घ्यायच्या आधी पाणी कुठं लागेल ते सांगणारे एक गृहस्थ पूर्वी तळहातावर नारळ घेऊन रान तुडवायचे. आता त्यांच्या हातात लाल दिव्याची पेटी आहे आणि कार्डावर 'क्वांटम पाणी शोध' असं छापलंय. ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, "मॅडम, तुमी फकस्त एक सही द्या, पेटी खरी हाय म्हनून." मी त्यांना चहा पाजला आणि घालवून दिलं. त्यांचा मला राग नाही. पोटासाठी माणूस नारळावरून पेटीवर आला, एवढंच. राग कोणाचा ते पुढं येईल.

अणूच्या मधोमध केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, म्हणजे ते खरं तर फुटून बाहेर पडायला हवेत. पडत नाहीत, कारण त्यांना धरून ठेवणारं एक बल आहे. फार जोरकस, आणि फार आखूड पल्ल्याचं. त्याचा स्वभाव मोठा वाकडा. दोन कणांमधलं बल नीट मांडून ठेवावं, तर तिसरा कण आल्यावर असं काहीतरी सुरू होतं की जे दोघं दोघं असताना कुठंच नव्हतं. माझा थोरला भाऊ, दादा, वेल्ह्याच्या पुढं पासलीला भातशेती करतो. त्याला हे सांगितलं तेव्हा म्हणाला, "मंजी आपल्या भावकीवानी. दोघं बसत्यात तवर गोड. तिसरा आला का बांधावरनं सुरू." अगदी तसंच. आणि असे सहा, दहा, चाळीस भाऊबंद एका खोलीत कोंडले तर कोण कसा वागेल हे गणितानं काढायचं म्हटलं की मोठ्यातला मोठा संगणकही मान टाकतो. एकेक कण वाढला की गणित दुप्पट-तिप्पट नाही, अफाट वाढतं.

क्वांटम संगणकाची गोष्ट वेगळी. त्याचे जे भाग असतात, क्यूबिट, ते निसर्गाच्या त्याच नियमांनी वागतात ज्यांनी केंद्रक वागतं. म्हणजे केंद्रकाचं गणित करत बसण्यापेक्षा मशीनलाच केंद्रकासारखं वागायला लावायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझी ऊर्जा किती? कल्पना सुंदर आहे. मी तिच्यावर आयुष्य घातलं आणि त्याचा मला पस्तावा नाही.

मशीन काही आमच्याकडे नव्हतं. ते परदेशात, भयानक थंडीत ठेवलेलं. आम्ही इंटरनेटवरून काम पाठवायचं आणि रांगेत नंबर लागायची वाट बघायची. निवृत्ती जवळ आली तसं मी बरंचसं काम कामथडीच्या घरातूनच करायची. वीज गेली की शेजारच्या काकू कुंपणावरून हळहळायच्या, "आता वो बाई, तुमचं मशीन बंद पडलं आसंल." मी सांगायची, काकू, मशीन चालू आहे, मीच बंद पडलेय.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण तिच्यावरून झालं. ही मशीनं अजून कच्ची आहेत. बाहेरचा जरा धक्का लागला की क्यूबिट बिघडतात आणि उत्तरात गोंगाट शिरतो. गोंगाट बंद करता येत नाही, पण वाढवता येतो. एक क्रिया करायची, ती उलटी करायची, परत करायची. उत्तराला फरक पडत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. असं मुद्दाम थोडा गोंगाट, मग जास्त, मग त्याहून जास्त, अशी उत्तरं घ्यायची. ते ठिपके कागदावर मांडायचे आणि त्यांच्यातून एक रेष मागं ओढत न्यायची, गोंगाट शून्य असता तर उत्तर काय आलं असतं तिथपर्यंत. हा आमच्या धंद्यातला रोजचा उपाय आहे आणि तो चांगला आहे. फक्त रेष सरळ न्यायची, वाकवून न्यायची, किती वाकवायची, हे माणसाच्या हातात असतं. आणि उत्तर काय यायला हवं हे माणसाला आधी माहीत असेल तर हात आपोआप तिकडं वळतो. चोराचाच नाही, सज्जनाचाही वळतो.

छोट्या केंद्रकांचं उत्तर साध्या संगणकावर काढता येतं. दादानं विचारलं होतं, "उत्तर ठाव हाय तर मंग इचारता कशापायी?" मी म्हटलं, नवी पायली आणली की तू काय करतोस? जुन्या पायलीनं मोजलेलं भात तिच्यात ओतून बघतोस ना? तसं. आज माहीत असलेल्या उत्तरावर मशीन पारखून घ्यायचं, म्हणजे उद्या माहीत नसलेल्यावर विश्वास ठेवता येईल. "आन पारखतानाच लबाडी केली तर?" दादा म्हणाला. मी म्हटलं, तर मग उद्याचं सगळंच बुडालं.

ही लबाडी होऊ नये म्हणून मी एक नियम केला होता. तो मी कुठल्या परिषदेत शिकले नाही, पासलीच्या खळ्यावर शिकले. आमच्या घरी भात झोडून रास पडली की मापायच्या आधी घरातला प्रत्येक जण अंदाज बांधायचा, रास किती भरेल. तो मोठ्यानं बोलायचा नाही. आजोबांच्या कानात सांगायचा. मग माप लागायचं. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. माप संपलं की आजोबा एकेकाचं नाव घेऊन त्याचा आकडा मोठ्यानं सांगायचे. कोणाला आपला आकडा बदलता यायचा नाही, आणि माप लागल्याशिवाय आजोबांचं तोंड उघडायचं नाही. आजोबांनंतर तो मान दादाकडं आला.

प्रयोगशाळेत मी तेच केलं. साध्या संगणकावरचं उत्तर मी एकटीनं काढायचं आणि रेष ओढणाऱ्याला सांगायचं नाही. रेष ओढणाऱ्यानं मशीन सुरू व्हायच्या आधीच जाहीर करायचं की तो रेष कशी ओढणार. आणि माझाही भरवसा नको म्हणून माझं उत्तर मी दादाच्या कानात सांगून ठेवायची. रेष ओढून झाली की बैठकीत सगळ्यांसमोर दादाला फोन लावायचा, "माप लागलं," असं सांगायचं, आणि तो आकडा बोलायचा. दादाला त्या आकड्याचा अर्थ काडीचा कळत नव्हता, पण तो आकडा तसूभर हलायचा नाही. लोक आधी हसले. मग सवय झाली. 'पासलीचं माप' असं त्याला नावच पडलं.

आता सुजाता. ही माझी विद्यार्थिनी, भोरची. तिचे बाबा वीजमंडळात वायरमन होते. ते मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, "जय भीम, मॅडम. पोरगी काय करते ते मला कळत नाही, पण करताना खूश असते." खूशच असायची. बोलायला कमी, कामाला वाघ, आणि एकदा ठरवलं की हलणार नाही. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. पीएच.डी.साठी तिचा एक शोधनिबंध बाकी होता. तो झाला की पदवी, पदवी झाली की नोकरी. न झाला तर इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. तिच्या घरात पुढं काही आधार नव्हता, हे मला माहीत होतं आणि आमच्या प्रकल्पप्रमुखांनाही माहीत होतं.

प्रमुखांना सगळे साहेब म्हणत. त्यांचं नाव घेत नाही. घेतलं तर त्यांना प्रसिद्धीच मिळेल, आणि ती त्यांना पुरेशी मिळाली आहे.

त्या वेळी आम्ही लिथियमच्या केंद्रकाचं एक छोटं रूप घेतलं होतं. असं छोटं केलेलं की त्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ते साध्या संगणकावर सुजाताला काढता आलं असतं. तिनं काढलं नाही, नियम म्हणजे नियम. साहेबांनाही काढता आलं असतं, पण स्वतः बसून गणित करायची सवय सुटून त्यांना जमाना झाला होता. मी उत्तर काढलं, पासलीला जाऊन दादाच्या कानात सांगितलं. सुजातानं जाहीर केलं, रेष सरळ ओढणार, आणि का ओढणार तेही. मशीनवर काम गेलं, ठिपके आले. सोमवारी बैठक ठरली. त्याच आठवड्यात वरून पाहणी समिती येणार होती आणि साहेबांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आमचं मशीनवरचं उत्तर तंतोतंत येतंय. उत्तर यायच्या आधी सांगून ठेवलं होतं, हे लक्षात घ्या.

सोमवारी सुजाता उभी राहायच्या आत साहेब उभे राहिले. म्हणाले, "सरळ रेष ही जरा बालिश कल्पना आहे. मी रविवारी विचार केला. इथं अशी वक्र रेष लागते." पडद्यावर त्यांनी आपली रेष दाखवली आणि खाली उत्तर. मी ते बघितलं. माझं उत्तर आणि त्यांचं उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत एक होतं. त्या मशीनला इतकं अचूक उत्तर देताच येत नाही. त्या ठिपक्यांचं अधिक-उणेच, म्हणजे उत्तर इकडंतिकडं सरकायची जागा, तिसऱ्या दशांशाच्या कितीतरी पट होतं. माणूस एवढा बरोबर येतो तो फक्त उत्तर बघून आलेला असतो तेव्हा.

मी काही बोलणार तेवढ्यात सुजाता शांतपणे म्हणाली, "सर, माझी रेष मी जाहीर केलीये. ती आधी लावते." तिनं सरळ रेष लावली. तिचं उत्तर आलं ते बरंच लांब. मग रिवाजाप्रमाणे तिनं दादाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"मामा, माप लागलं. आकडा सांगा."

"आँ?" दादा म्हणाला. "आकडा तर काल न्हेला की तुमच्या सायबांनी."

मी फोनजवळ गेले. "दादा, कोन आलं व्हतं?"

"तुजं सायब. गाडी घिऊन. लई भला मानूस. म्हनला, माप लागलं, ताईंनी पाठवलंय, आकडा द्या. मंग दिला म्या. माप लागलं म्हनल्याव सांगायाच लागतंय."

"माप लागलं न्हवतं, दादा."

फोनमध्ये वारा घोंघावत होता. पासलीला मोबाईलची रेंज देवळामागच्या टेकाडावर येते, तिथं तो बैठकीच्या वेळेला ठरल्याप्रमाणे जाऊन उभा होता.

"जेवला की आपल्या हितं," दादा म्हणाला. "भात परत मागून घेतला."

साहेब हसले. खरोखर हसले. "अहो, रविवारी तोरण्याकडं फिरायला गेलो होतो, म्हटलं ताईंचं गाव बघू. गप्पांत आकडा निघाला. एवढं काय त्यात? आणि मला सांगा, माझी रेष चूक आहे का?"

हा प्रश्न फार हुशार आहे, आणि म्हणूनच त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नाही, ती रेष चूक नव्हती. चार ठिपक्यांतून शेकडो रेषा जातात आणि त्यातली एकही चूक नसते. उत्तर हातात धरून त्यातली एक निवडली, तर त्या मशीनला काय येतं ते कळतच नाही, आपल्याला काय हवं होतं तेवढंच कळतं. मी हे त्या खोलीत ओरडून सांगितलं. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते माझ्याइतकंच कळत होतं. त्यातले काही मी घडवलेले होते. सगळे मूग गिळून बसले. एक जण नंतर जिन्यात म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या ना, सगळीकडं असंच चालतं." त्या 'जाऊ द्या'चा मला साहेबांपेक्षा जास्त राग आहे. साहेब एक होता. जाऊ द्या म्हणणारे खोलीभर होते.

साहेबांनी सुजाताला आत बोलावलं. मी बरोबर गेले, त्यांनी नको म्हटलं तरी गेले. ते म्हणाले, "निबंधात पहिलं नाव तुझं घालतो. सही कर, पदवी झाली म्हणून समज. मुदतवाढीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे."

सुजाता म्हणाली, "सर, माझी रेष चुकली. ती का चुकली ते मला कळलंय, तेवढं लिहिते. त्याचा निबंध होईल."

"चुकलेल्या उत्तराचा निबंध कोण छापतं?"

"मग नका छापू," ती म्हणाली.

मुदतवाढ मिळाली नाही. मी लेखी तक्रार केली, चौकशी झाली. फोन सगळ्यांनी ऐकला होता, तरी निष्कर्ष आला की हा पद्धतीविषयीचा मतभेद आहे. मतभेद. माणूस खोटं बोलून माझ्या भावाच्या ताटावर जेवून आकडा घेऊन गेला, आणि तो मतभेद. साहेबांच्या रेषेवरचा निबंध छापायला गेला, त्यातून मी माझं नाव काढून घेतलं. सुजातानंही काढा म्हणून कळवलं. निबंधातून काढलं, पण बातमीतून नाही काढलं, कारण बातमीला खेड्यातली मुलगी हवी होती. 'भोरच्या कन्येनं क्वांटम संगणकावर उलगडलं अणुकेंद्रक.' समिती खूश, साहेबांना वरची जागा.

आणि भोरला एसटी स्टँडजवळ फ्लेक्स लागला. सुजाताचा फोटो, हार्दिक अभिनंदन, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. लावणारे आपलेच लोक, मनापासून आनंदानं लावलेला. त्यांना काय ठाऊक. सुजाता ते बघून घरी गेली आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी जुनी शिडी काढली, पक्कड खिशात टाकली आणि भर बाजाराच्या दिवशी स्टँडवर जाऊन खांबावर चढले. नोकरी संपल्यावर पहिल्यांदाच चढले असतील. खाली लोक जमले. "आवो, उतरा की, तुमच्याच पोरीचा हाय," कोणीतरी म्हणालं. त्यांनी एकेक तार तोडली, फ्लेक्स गुंडाळला, खाली आले आणि म्हणाले, "तिनं न केलेल्या कामाचा आहे." लोकांना वाटलं बाप-लेकीचं बिनसलं. अजूनही काहींना तसंच वाटतं.

मी निवृत्त झाले. सुजाता नसरापूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. दुसऱ्या विद्यापीठात नाव घातलंय, त्या चुकलेल्या रेषेवरच लिहितेय, पदवी अजून मिळालेली नाही. तिच्या मागून आलेले, रेषा वाकवणारे, आज तिच्या पुढं आहेत. ह्यावर मी काहीही समजूतदार लिहिणार नाही.

पण विज्ञानाची मला एवढी काळजी नाही. कधीतरी चांगलं मशीन येईल, कोणीतरी तेच गणित परत करेल, साहेबांची रेष उघडी पडेल. मला राग येतो तो दादाचं जे झालं त्याचा. ते कुठलं मशीन दुरुस्त करणार?

त्या फोननंतरच्या सुगीला मी पासलीला गेले. रास पडली, घरातले जमले. दादा खळ्याच्या कडेला पाठ करून बसला. मी जवळ गेले तर म्हणाला, "माज्या कानात नगं सांगू, शाले. दुसऱ्या कुनाच्या सांग."

"दादा, तुजा काय दोष?"

"दोष कुनाचा का आसंना. आकडा माज्याकडनं गेला न्हवं? आज्याकडनं कंदी गेला न्हाई."

त्या वर्षी कोणी अंदाज बांधला नाही. नुसतं माप लागलं. पुढच्या वर्षीही तसंच. घरातल्या लहानांना तर माहीतही उरलं नाही की असं काही असायचं.

गेल्या सुगीला मी जाताना सुजाताला बरोबर घेतलं. ती त्या फोननंतर दादाला भेटलीच नव्हती. दादा तिला बघून उठला, पाणी दिलं, आणि तिच्या डोळ्याला डोळा देईना. "पोरी, तुजं लई नुसकान झालं माज्यापायी," म्हणाला.

ती म्हणाली, "मामा, तुमच्यामुळंच तर सगळ्यांना कळलं. तुम्ही खरं बोललात फोनवर." आणि ती त्याच्या राशीभोवती फिरायला लागली. वाकून बघितलं, मूठ भरून भात घेतलं, सोडलं. मग सरळ दादापाशी गेली. तो मान हलवत मागं सरकला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिनं कानात आकडा सांगितला. दादा खळ्याच्या कडेला जाऊन बसला. आता सांगितलेला आकडा परत करायचा कसा?

पायली आली. लाभ, दोन, तीन. घरातले सगळे हळूहळू खळ्यावर जमले. माप संपलं आणि सगळे दादाकडं बघायला लागले. तो जागचा उठला, घसा साफ केला, आणि आजोबा बोलायचे तसं मोठ्यानं तिचं नाव घेऊन आकडा सांगितला. रास जेवढी भरली होती, त्याच्या जवळजवळ निम्माच.

"सुजाता," दादा म्हणाला. "पार चुकली."

सगळे हसले, सुजाता सगळ्यांत जास्त. मग माझी भावजय पदराला हात पुसत पुढं आली आणि म्हणाली, अजून वरच्या खाचराची रास मापायची राहिली आहे, तिचा माझा आकडा ऐका. दादानं कान पुढं केला.